मित्राला जामीन राहायचे का, आणि राहायचेच तर कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, हातात पगार 62 हजार. शाळेपासूनचा मित्र फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवतो. त्याला पतसंस्थेकडून 8 लाख हवे आहेत, व्याज 14 टक्के, 60 हप्ते. दोन जामीनदार लागतात, त्यातला एक पगारदार हवा. विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या घराचे बांधकाम याच वर्षी काढायचे ठरले आहे. बायको नको म्हणते. वडील म्हणतात, त्याच्या वडिलांनी आपल्या अडचणीला पैसे दिले होते, आता पाठ फिरवायची नाही. मग मैत्री, घर आणि दिलेला शब्द यांतले काय सोडावे?

सोडायचे काय ते नंतर बघू. आधी सही कशावर होते ते बघा.

जामीन राहणे म्हणजे ओळख देणे, माणूस चांगला आहे असे सांगणे, असा समज अजून पक्का आहे. कागद तसे म्हणत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 128 नुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, त्याचे संपले की माझ्याकडे या’ हा बचाव चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1968 सालीच स्पष्ट केले आहे. जामीनदार दोन असले म्हणून संस्थेच्या लेखी तुमच्या वाट्याला निम्मेच येते असेही नाही. निम्म्याचा हिशेब तुम्हा दोघांतला (कलम 146). संस्था पूर्ण रक्कम एकाकडे मागू शकते. तो एक कोण असतो? ज्याचा पगार दरमहा ठरलेल्या खात्यात येतो तो. पगारदार जामीनदार मागतात ते त्यासाठीच.

आता आकडे. 8 लाख, 14 टक्के, 60 महिने, म्हणजे हप्ता साधारण 18,600 रुपये. समजा मित्राने 14 हप्ते व्यवस्थित भरले आणि मग गाडी अडली. तोवर त्याने 2 लाख 60 हजार भरलेले असतील, तरी मुद्दल जवळजवळ 6 लाख 60 हजार उरते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत अर्ध्याच्या आसपास व्याजच जाते. पुढे दोन वर्षे नोटिसा, मुदती, ‘पुढच्या महिन्यात भरतो’ यात गेली आणि दंडव्याज धरून साध्या 16 टक्क्यांनी आकारणी झाली, तर येणे 8 लाख 70 हजारांच्या पुढे जाते. वसुलीचा खर्च वेगळा. अडीच लाखांवर भरूनही मूळ कर्जापेक्षा जास्त देणे, हा प्रकार जामीनदाराला सहसा शेवटी कळतो, कारण मधल्या काळात त्याला कोणी काही सांगितलेले नसते.

घराचे काय होते तेही मांडून बघा. 25 लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षे, हप्ता सुमारे 21,700. बँक ढोबळमानाने निम्मा पगार हप्त्यांसाठी मोकळा धरते, म्हणजे 31 हजार. काही बँका जामीनकीचा हप्ता पूर्ण धरतात, काही निम्मा. निम्मा धरला तर बेरीज बरोबर 31 हजारांच्या काठावर येते, पूर्ण धरला तर 40 हजारांवर जाते आणि अर्ज परत येतो. हे मित्राने एकही हप्ता चुकवलेला नसताना. पतसंस्थेची जामीनकी बहुधा सिबिलसारख्या पतअहवालात दिसत नाही, पण गृहकर्जाच्या अर्जात ‘आपण कोणास जामीन आहात काय’ हा रकाना असतो आणि तिथे खोटे लिहायचे नसते. म्हणून क्रम लावायचाच असेल तर आधी स्वतःचे गृहकर्ज मंजूर करून घ्या, सहीचा विचार त्यानंतर. मित्राला चार महिने थांबणे शक्य नसेल, तर त्या घाईचे कारण त्याला नक्की विचारा.

बायकोचा विरोध हा ‘बायकी भित्रेपणा’ नाही. दरमहा 18,600 रुपयांचा धोका तिच्याही संसारावर येतो, आणि तुमच्यानंतरही तो संपत नाही: दिल्या गेलेल्या कर्जाची जामीनदाराची जबाबदारी वारसांवर, त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरती, चालू राहते. स्वतःचे सुख मित्रासाठी बाजूला ठेवायचा हक्क तुम्हाला आहे. बायकोचे आणि मुलांचे तिला न विचारता ठेवलेत, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. लपवून केलेली सही नोटीस आल्यावर उघडी पडते आणि मग भांडण पैशांवरून होत नाही, लपवण्यावरून होते. ते फार लांबते.

मग ठरवायचे कसे? मित्राचा स्वभाव मोजत बसू नका, त्याचा धंदा मोजा. हप्ते बुडवणाऱ्यांत लबाड थोडे असतात. बहुतेक सरळ माणसे असतात आणि त्यांचे गणित चुकलेले असते. तीन गोष्टी मागा: गेल्या 12 महिन्यांचा बँक खात्याचा उतारा, त्याचा स्वतःचा पतअहवाल (प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो), आणि सगळ्या देण्यांची हाताने लिहिलेली यादी. या यादीत भिशी, सोनेतारण, मोबाईल ॲपवरची कर्जे, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने आणि सावकार, सगळे आले पाहिजे. हे मागताना ओशाळे वाटते. पण तो तुमच्याकडे 8 लाखांचा विश्वास मागतो आहे. त्यापुढे तीन कागद काहीच नाहीत. ‘माझ्यावर भरवसा नाही का’ म्हणून जो कागद टाळतो, त्याच्याबाबतचा निर्णय तिथेच झाला असे समजा.

उतारा वाचताना शिल्लक रकमेवर जाऊ नका. ‘रिटर्न’ शब्द शोधा: चेक परत, हप्ता परत, त्याचा दंड. वर्षात एखादा समजू शकतो, तीनपेक्षा जास्त म्हणजे रोकड नियमितपणे कमी पडते. मग महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत येणाऱ्या गोल रकमा बघा. 28 तारखेला 20 हजार जमा, 2 तारखेला हप्ता वजा, 8 तारखेला पुन्हा 20 हजार त्याच नावाला परत, असे दिसले तर तो एकाची टोपी दुसऱ्याला घालतो आहे आणि नवे कर्ज जुन्या खड्ड्यात जाणार आहे.

नंतर एका कागदावर महिना मांडा. समजा माल, मजुरी, वीज, जागाभाडे जाऊन वर्कशॉपमधून 55 हजार उरतात. घरखर्च 30 हजार, टेम्पोचा हप्ता 9 हजार. राहिले 16 हजार. नवा हप्ता 18,600. पहिल्याच महिन्यापासून 2,600 ची तूट. ‘नवीन मशीन आले की काम वाढेल’ हे खरे असू शकते, पण फॅब्रिकेशनला पावसाळ्यात काम मंदावते, गेट-ग्रिलचे गिऱ्हाईक उरलेले पैसे महिनोन्महिने अडकवते, आणि हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. घरखर्च आणि जुने हप्ते भागवून नव्या हप्त्याच्या निदान दीडपट, म्हणजे इथे 28 हजारांच्या आसपास उरत असेल, तरच गणित बसते. दोन-अडीच हजारांची तूट ऐकायला किरकोळ वाटते, पण ती दर महिन्याला हातउसने आणून भरली जाते, आणि वर्षभरात त्या हातउसन्यांचाच एक हप्ता तयार होतो.

अजून एक विचारा: राष्ट्रीयीकृत बँकेत गेला होतास का? मुद्रा योजनेत तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि तारण मागितले जात नाही. ‘तिथे फार हेलपाटे’ हे उत्तर आले तर तुम्ही त्याच्याबरोबर चार हेलपाटे घाला. जीएसटीची विवरणपत्रे, मशीनचे कोटेशन, उद्यम नोंदणी, गेल्या दोन वर्षांचा ताळेबंद ही फाईल नीट लावून दिली तर शिक्षकाची ती मदत सहीपेक्षा मोलाची आहे. आणि बँकेने नाकारले असेल तर कारण समजून घ्या. बँकेने ज्या कारणासाठी नाकारले, तेच कारण पतसंस्थेने जामीनदाराच्या पगारावर झाकलेले असते.

वडिलांच्या मुद्द्याला मान द्या, पण त्याला आकार द्या. ‘त्यांचे उपकार आहेत’ हे वाक्य 5 हजारांनाही लागू होते आणि 8 लाखांनाही. वडील, तुम्ही आणि बायको एकत्र बसून एक रक्कम ठरवा, जी परत आली नाही तरी घराचे काम थांबणार नाही आणि त्या माणसाशी बोलताना तोंड कडू होणार नाही. समजा ती 75 हजार निघाली. ती मित्राच्या हातात द्या, कर्ज म्हणून नको. उपकार फिटले की नाही हे वडील ठरवतील, पण धोक्याला वरची मर्यादा लागली. मित्राला 8 लाखांऐवजी 5 लाखांत लहान मशीन घेऊन सुरुवात करता येते का हे त्याच वेळी बोला. 5 लाखांचा हप्ता सुमारे 11,600 येतो आणि वरच्या गणितात 16 हजारांच्या आत बसतो. दीडपटीची कसोटी लावली तर तोही थोडा कमीच पडतो, तरी तूट मात्र राहत नाही.

नकार द्यायचा असेल तर दोन दिवसांत, समोर बसून द्या. फोनवर नको, आणि त्याच्या बायकोसमोर तर नकोच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘माझे काही नाही रे, पण हिला पटत नाही’ हे वाक्य. तुम्ही मोकळे होता, बायको आयुष्यभर वाईट होते आणि मित्र तिला गाठून गळ घालायला येतो. त्याऐवजी इतके पुरे: ‘गणित मांडले, मला जामीन राहणे झेपत नाही. 75 हजार देतो, ते परत मागणार नाही. मुद्रेची फाईल आपण दोघे करू.’ खोटी कारणे देऊ नका. ‘शाळेची परवानगी लागते’ म्हणालात तर तो मुख्याध्यापकांना भेटून येईल. तो चिडेल, महिना-दोन महिने बोलणार नाही. थकलेल्या कर्जानंतरचा अबोला याच्यापेक्षा फार लांबतो.

आता, गणित बसले, घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्ही सही करायचे ठरवले, असे धरू. मग सही नीट करा. जामीनखत घरी आणून वाचा; ‘इथे इथे सही करा’ म्हणत पेन्सिलने फुल्या मारलेला गठ्ठा काउंटरवर उरकू नका. रक्कम, व्याजदर, मुदत, कर्जखाते क्रमांक यांच्या जागा कोऱ्या असतील तर सही नाही. भरलेल्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कलम 128 मधले ‘करारात वेगळे लिहिले नसेल तर’ हे शब्द तुमच्या कामाचे आहेत: जबाबदारी ‘व्याजासह जास्तीत जास्त 4 लाख रुपये’ अशी मर्यादित लिहून मागा. संस्था बहुधा नाही म्हणते, पण दुसरा जामीनदार सबळ असेल तर कधी मान्यही करते, आणि न विचारता तर नक्कीच मिळत नाही.

कोरे चेक देऊ नका. जामीनदाराचा चेक परत गेला तरी नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक वगैरेंचा कायदा) कलम 138 चा फौजदारी खटला होऊ शकतो; सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल तसा आहे. बायकोला दुसरी जामीनदार किंवा सहकर्जदार करू नका. ती कागदावर नसेल तर तिच्या स्वतःच्या नावावरचे, तिच्या पैशाचे जे आहे ते वसुलीत येत नाही, आणि घरात एवढा एक कोपरा सुरक्षित ठेवायलाच हवा. मशीनवर नजरगहाण (मशीन मित्राकडेच राहते, पण कर्जाचे तारण असते) नोंदवायला लावा आणि मित्राच्या जागेचे तारण मिळत असेल तर तेही. पुढे संस्थेने तुमच्या संमतीशिवाय ते तारण सोडले, तर त्या किमतीपुरते तुम्ही करार कायद्याच्या कलम 141 खाली सुटता. न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम 133 खालीही सुटका आहे, पण छापील जामीनखतात ‘संस्थेने मुदतवाढ दिल्यास वा अटी बदलल्यास माझी हरकत नाही’ असे वाक्य आधीच घातलेले असते. ते खोडून सही करता आली तर बघा.

कर्ज कॅश क्रेडिट प्रकारचे (ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा उचलायचे आणि भरायचे) असेल तर वेगळी गोष्ट. ती चालू हमी असते आणि लेखी सूचना देऊन पुढच्या उचलीपुरती ती मागे घेता येते (कलम 130). दरवर्षीच्या नूतनीकरणाला पुन्हा सही मागतात, तिथे थांबता येते. मुदत कर्जाचे पैसे एकदा वाटले गेले की मागे फिरणे नाही. मन बदलले तर वाटपाआधी लेखी पत्र द्या आणि पोहोच घ्या.

मित्राकडून 500 रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिहमीपत्र घ्या, त्यात तुम्ही भरलेली रक्कम व्याजासह परत करण्याची तारीख घाला. कायद्याने तो तसाही भरपाईला बांधील आहे (कलम 145), पण कागद असला की पुढची भाषा बदलते. त्याच्या कर्जाइतका मुदतीचा विमा उतरवला आहे ना हे बघा. वेल्डिंगच्या धंद्यात अपघात दूर नसतो. आणि दर महिन्याच्या 10 तारखेला हप्त्याच्या पावतीचा फोटो तुमच्या मोबाईलवर यायलाच हवा, हे आधी ठरवून घ्या. ही एवढीशी सवय कुठल्याही कलमापेक्षा जास्त उपयोगी पडते. फोटो आला नाही की त्याच आठवड्यात वर्कशॉपवर जा. एक हप्ता थकला असताना बोलणे सोपे असते, सहा थकले की तो फोन उचलत नाही.

थकलेच, तर दोन चुका टाळा. पहिली: हप्त्याचे पैसे मित्राच्या हातात देणे. ते पैसे त्या दिवशी सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या घेणेकऱ्याकडे जातात. भरायचे तर थेट कर्जखात्यात, चेकने किंवा ऑनलाईन, आणि पावतीवर ‘जामीनदाराकडून’ असे लिहून घेऊन. दुसरी चूक म्हणजे नोटीस न स्वीकारणे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्या सुनावणीची नोटीस तुम्हालाही येते. हजर राहा, पूर्ण खातेउतारा मागा, व्याजाची आकारणी तपासा, तारण मशीनचे काय झाले ते लेखी विचारा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी दाखला निघतो, आणि मग त्याविरुद्ध कलम 154 खाली फेरतपासणी अर्ज करायला येणे रकमेच्या 50 टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. सुनावणीला फुकट मांडता आला असता तो मुद्दा मांडायची ही किंमत.

दाखल्यानंतर वसुली अधिकारी कलम 156 आणि नियम 107 खाली जप्तीकडे वळतो. पगार जप्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ची मर्यादा आहे: पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून. 62 हजारांच्या पगारात दरमहा 20 हजारांच्या आसपास कपात होऊ शकते. पण कर्जाच्या वेळी तुम्ही पगारातून कपातीचे संमतीपत्र दिले असेल (सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 49), तर या मर्यादेवर विसंबून राहू नका. म्हणून ते संमतीपत्र गठ्ठ्यात आहे का हे सहीच्या दिवशीच बघायचे. भविष्य निर्वाह निधी जप्त होत नाही. घाबरून घर किंवा जमीन बायको-मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करणे हा सल्ला फार जण देतात. देणे चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर न्यायालयात रद्द ठरवता येते आणि तोवर मुद्रांकाचा खर्च अंगावर बसलेला असतो.

त्यापेक्षा दाखला निघण्याआधी, मित्र आणि दुसरा जामीनदार यांना घेऊन संस्थेत एकरकमी परतफेडीची बोलणी करा. मशीन विकून येणारे अमुक, मित्राच्या घरचे सोने अमुक, दोन्ही जामीनदारांचे मिळून अमुक, असा आकडा आधी कागदावर मांडून जा. ठरलेले संचालक मंडळाच्या ठरावासह लेखी घ्या; अध्यक्षांच्या तोंडी शब्दावर रक्कम भरलेले लोक नंतर उरलेल्या व्याजासाठी पुन्हा नोटीस घेऊन येतात.

तुम्ही भरलेल्या पैशांसाठी मित्राविरुद्ध दावा लावायची मुदत भरल्यापासून 3 वर्षे आहे. दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागायलाही, तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरल्यापासून, 3 वर्षेच. मैत्रीत दावा लावायचा नसेल तरी मुदत संपण्याआधी मित्राकडून ‘इतके देणे मान्य आहे’ असे तारखेसह सही करून घ्या, म्हणजे मुदत नव्याने सुरू होते. संपूर्ण येणे तुम्ही फेडले असेल तर संस्थेकडे असलेले तारणही तुमच्याकडे येते (करार कायद्याचे कलम 140). संस्था ते आपणहून देत नाही, पत्र द्यावे लागते.

आणि सगळे सुरळीत होऊन 60 वा हप्ता भरला गेला, तरी काम उरतेच. मित्र बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असा) घेऊन पेढे वाटतो आणि जामीनदाराचे कागद संस्थेच्या कपाटात राहतात. दाखल्याची एक प्रत तुमच्या नावाने घ्या, दिलेले चेक मोजून परत घ्या, जामीनखतावर ‘रद्द’ शेरा मारून त्याची छायाप्रत ठेवा, आणि कर्ज बँकेचे असेल तर दोन महिन्यांनी पतअहवाल काढून जामीनकीची नोंद ‘बंद’ दिसते का ते बघा.